घरच्या आठवणींचं जाड पुस्तक कमी खर्चात कसं छापावं, कसं बांधावं

मामांनी अकरा वह्या भरून आठवणी लिहिल्या आणि त्या माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "पोरांना वाचता येईल असं काहीतरी कर." टाइप करून झालं तेव्हा मजकूर भरला जवळपास एक लाख वीस हजार शब्द. पहिल्या चौकशीत जो आकडा ऐकला, त्यानं धीरच खचला. पण हळूहळू एकेक गोष्ट समजत गेली आणि पुस्तक त्याहून बऱ्याच कमी खर्चात झालं. त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या काही जणांची अशी पुस्तकं करून दिली. जो पहिल्यांदाच हे काम हातात घेतोय त्याच्यासाठी सगळं क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. खर्च छापखान्यात ठरत नाही. फाइल तिथं पोचण्याआधीच तो घरी ठरलेला असतो. बचत करायची ती पानांच्या संख्येत, रंगीत छपाईत आणि प्रतींच्या आकड्यात. अक्षराचा आकार, बांधणी आणि नमुना प्रत या तीन ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नका.

१. मजकूर आधी पक्का करा

सगळा मजकूर एका फाइलीत आणा आणि तो युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर तसाच वाचता येणारी टायपिंगची पद्धत) असू द्या. जुन्या काळी टाइप केलेली प्रकरणं बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये येतात, पण रफार आणि अर्धा र यांची अदलाबदल झालेली असू शकते. 'आचाऱ्यांना बोलावलं' याचं 'आचार्यांना बोलावलं' झालं की स्वयंपाकी जाऊन थेट गुरुवर्य येतात, आणि शब्द शुद्ध असल्यामुळे स्पेलचेकर काहीच बोलत नाही. तसंच 'दऱ्या' आणि 'दर्या'. अशा शब्दांची यादी करून 'शोधा'मध्ये एकेक तपासा. दोन-तीन तास जातील, पण हे काम दुसरं कुणी करणार नाही.

फाइलीची भाषा 'मराठी' निवडा. काही फॉन्टमध्ये भाषा हिंदी राहिली तर ल आणि श ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. मराठी वळण हवं असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' हा मोफत फॉन्ट चांगला आहे. पुस्तकी मजकुराला शोभतो. मांडणी लिब्रेऑफिस रायटरमध्ये होते, तेही मोफत आहे. महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

मुद्रितशोधन कागदावर करा. पडद्यावर चुका निसटतात. आणि ज्यानं टाइप केलं त्यानं तपासू नये, दुसऱ्यानं तपासावं. सालं, नाती आणि गावांची नावं घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा. हयात माणसांची आजारपणं, भांडणं, पैशांचे व्यवहार मजकुरात असतील तर ती पानं त्यांना छापण्याआधी दाखवा. वाटलेल्या प्रती परत मागता येत नाहीत.

हे सगळं झाल्यावरच पानांच्या मांडणीला हात लावा. मांडणी झाल्यावर चौथ्या प्रकरणात एक परिच्छेद घुसवला की पुढचं प्रत्येक पान सरकतं, अनुक्रमणिका चुकते आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

२. आकार आणि पानांचं गणित

जाड आठवणींसाठी ए५ हा आकार घ्या, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. ए४ कागद बरोबर मधोमध घडी केला की ए५ होतो, त्यामुळे कागद वाया जात नाही आणि कुठल्याही डिजिटल छपाईवाल्याकडे तो सहज होतो. पूर्ण ए४वर एका ओळीत इतके शब्द बसतात की पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो.

१२ पॉइंटचं अक्षर, दोन ओळींत सुमारे १७ पॉइंटचं अंतर आणि नीट समास ठेवले तर ए५च्या पानावर २८ ओळी, म्हणजे अंदाजे २६० शब्द बसतात. एक लाख वीस हजार शब्दांची साधारण ४६० पानं झाली. हा हिशेब छापखान्यात जाण्याआधी स्वतः करा. समोरचा जो आकडा सांगेल तो पटतोय का ते लगेच कळेल.

पानं कमी करायची तर अक्षर बारीक करू नका. हे पुस्तक सगळ्यात मन लावून वाचणारी माणसं साठी-सत्तरीची असतात. त्याऐवजी हे करून पाहा. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू करायचा हट्ट सोडा. चाळीस प्रकरणं असतील तर त्या हट्टापायी वीसेक पानं कोरी जातात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट असेल तर १.४ पट करा. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात म्हणून त्याहून कमी नको, पण एवढ्यानंही ४६० पानांत तीसेक पानं वाचतात. आणि फॉन्ट निवडताना एकच प्रकरण तीन फॉन्टमध्ये लावून पानं मोजा. त्याच १२ पॉइंटमध्ये एक फॉन्ट ऐसपैस पसरतो, दुसरा आटोपशीर बसतो.

कण्याकडचा, म्हणजे पानं जिथं बांधली जातात त्या बाजूचा समास ही नवख्याची सगळ्यात मोठी चूक. मामांच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रतीत मी चारही बाजूंना सारखे १२ मिलिमीटर सोडले होते. पडद्यावर छान दिसत होतं. पुस्तक हातात आलं तेव्हा डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द बांधणीच्या खोबणीत गेलेला. वाचायला दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक ताणून धरावं लागे, आणि ताणलं की कणा तडकायचा. तेव्हापासून तीनशेच्या पुढे पानं असतील तर आतला समास २२ मिलिमीटर ठेवतो, बाहेरचा १५, वरचा १८ आणि खालचा २०. फाइलीत 'मिरर' समास निवडला की डाव्या-उजव्या पानांना आतली बाजू आपोआप योग्य मिळते. पान क्रमांक १ नेहमी उजवीकडे.

३. फोटो

रंगीत पानाचा दर काळ्या-पांढऱ्या पानापेक्षा बराच जास्त असतो. फोटो पुस्तकभर विखुरले तर रंगीत पानं वेचून मध्ये घालण्याची मजुरी पडते, नाहीतर सगळं पुस्तकच रंगीत दरानं मोजलं जातं. म्हणून रंगीत फोटो एकत्र करा, आठ किंवा सोळा पानांत, जाडसर गुळगुळीत कागदावर, पुस्तकाच्या मध्ये किंवा शेवटी. मूळचे कृष्णधवल फोटो मजकुरातच राहू द्या, पण त्यांच्या फाइली 'ग्रेस्केल' (फक्त काळ्या-करड्या छटांच्या) करून घ्या. पिवळसर छटा तशीच राहिली तर मशीन ते पान रंगीत समजून मोजतं.

जुना फोटो मोबाइलनं न काढता स्कॅन करा. ५ सेंटिमीटर रुंदीचा फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की जवळपास ११८० पिक्सेल मिळतात आणि ३०० डीपीआयनं छापताना तो १० सेंटिमीटर रुंद, स्वच्छ येतो. नातेवाइकांकडून मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे कोण उभं आहे ते लिहा. ती माहिती असलेलं माणूस घरात आहे तोवरच ती मिळते.

४. छपाई कुठली आणि प्रती किती

ऑफसेटमध्ये आधी प्लेटा कराव्या लागतात. तो खर्च एक प्रत काढा नाहीतर हजार, तेवढाच. त्यामुळे ऑफसेट मोठ्या आवृत्तीलाच परवडतं. दहा, वीस, पन्नास प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाईच घ्या. तिथं दर पानागणिक असतो, म्हणूनच वरची पानं वाचवण्याची खटपट.

घर मोजून प्रती काढा, माणसं मोजून नको. एका घरात एक प्रत पुरते. डिजिटलमध्ये पुढच्या वर्षी आणखी चार प्रती काढता येतात, त्यामुळे 'राहू दे, लागतील' म्हणून ढीग करायचं कारण नाही. पुस्तक विकायचं नसेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकही लागत नाही.

दर विचारताना नुसतं "४६० पानी पुस्तकाचे किती?" विचारू नका. आकार, पानसंख्या, त्यातली रंगीत किती, कागदाचा प्रकार आणि वजन, कव्हर, लॅमिनेशन, बांधणी, प्रती, नमुना प्रत, हे सगळं एका कागदावर लिहून तोच कागद तीन ठिकाणी द्या. नाहीतर तीन जण तीन वेगळ्या वस्तूंचे दर सांगतात आणि तुलनाच होत नाही. 'पान' म्हणजे एक बाजू की दोन्ही बाजूंचा कागद, हेही विचारा. या एका शब्दावरून बिल दुप्पट झाल्याचं मी पाहिलंय.

छपाईला पीडीएफच द्या, सगळे फॉन्ट आत एम्बेड करून, म्हणजे त्याच फाइलीत साठवून. वर्डची फाइल दिली तर त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं फुटतात.

५. कागद

आतल्या पानांना ७० किंवा ८० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), किंचित पिवळट छटेचा कागद डोळ्यांना बरा. पांढराशुभ्र कागद दिव्याखाली चमकतो. वर्तमानपत्राच्या जातीचा स्वस्त कागद टाळा. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, त्यामुळे तो लवकर पिवळा पडतो आणि पुढे तुकडे पडतात. 'ॲसिड-फ्री' कागद मागा. त्याहून पक्कं हवं असेल तर 'आयएसओ ९७०६' हा दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदाचा मानक क्रमांक पाकिटावर आहे का ते बघा.

वजन आणि जाडी काढणं सोपं आहे. ८० जीएसएमचा ए४ कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे ए५ पत्रा (एक सुटा कागद, त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन पानं) अडीच ग्रॅमचा. ४६० पानं म्हणजे २३० पत्रे: पाऊण किलोच्या आत, सुमारे ५७५ ग्रॅम. एक पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड, म्हणून कणा २३ मिलिमीटर. कव्हर करण्याआधी कण्याची रुंदी छपाईवाल्याकडून त्याच्या कागदानुसार खात्री करून घ्या, कारण फुगीर कागद तेवढ्याच वजनात जास्त जाड असतो.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. कागदातल्या तंतूंना दिशा असते. ती कण्याला समांतर असली तर पान मऊ वळतं आणि पुस्तक उघडं राहतं. आडवी असली तर पानं ताठ उभी राहतात आणि डिंकाजवळ सुरकुत्या पडतात. पाहायचं कसं? पत्रा हलकेच एका बाजूनं वाकवा, मग दुसऱ्या बाजूनं. ज्या बाजूनं सहज वाकतो, तंतू त्या घडीला समांतर. बाजारातल्या ए४ कागदात तंतू बहुधा लांब बाजूला धरून असतात, त्यामुळे तो अर्धा केला की ए५मध्ये दिशा आडवी होते. लांब बाजूला तंतू असलेल्या ए३वर छापून त्याचे चार ए५ कापले तर दिशा बरोबर येते. विचारायला काही पडत नाही. चांगला छपाईवाला लगेच समजतो.

६. बांधणी

स्पायरल किंवा वायरो सगळ्यात स्वस्त. पुस्तक सपाट उघडतं, पण कपाटात कण्यावर नाव दिसत नाही आणि भोकांपाशी पानं फाटतात. घरात तपासायला फिरवायच्या कच्च्या प्रतीला हीच बांधणी योग्य. शेवटच्या प्रतीला नको.

परफेक्ट बाइंडिंग म्हणजे कणा खरवडून गरम डिंकानं कव्हर चिकटवणं. तीनशे पानांपर्यंत ठीक. त्यापुढे नेहमीचा गरम डिंक काही वर्षांनी कडक होतो, कणा मधोमध तडकतो आणि पानं सुटू लागतात. पीयूआर (पॉलियुरेथेन) जातीचा डिंक जास्त लवचीक आणि मजबूत असतो; तो आहे का ते विचारा.

शिवण बांधणी खरी टिकाऊ. ए४चे चार कागद एकात एक घालून मधोमध घडी केली की सोळा पानांचा फर्मा होतो. असे फर्मे घडीतून दोऱ्यानं एकमेकांना शिवतात. पान फाटेल पण सुटणार नाही. मात्र मजकूर फर्म्याच्या हिशेबानं छापावा लागतो, म्हणून पानं सोळाच्या पटीत आणा. ४६०ची ४६४ करायला एक पान वंशावळ आणि तीन कोरी पानं पुरतात.

आणि पाचशेच्या पुढे पानं जात असतील तर सरळ दोन खंड करा. कव्हर दोनदा करावं लागतं, पण अडीचशे पानांची साधी बांधणी साडेपाचशे पानांच्या महाग बांधणीपेक्षा जास्त टिकते. शिवाय आजीला पडून वाचताना ते हातात पेलतं. मला तर हाच उपाय सगळ्यात आवडतो.

७. घरी बांधायचं असेल तर

आतली पानं छापून, कापून आणायची आणि बांधणी घरी करायची, यानं बराच पैसा वाचतो. सुई-दोरा न लागणारी एक पद्धत नवख्यालाही जमते. ती 'डबल फॅन' किंवा लुम्बेक बांधणी म्हणून ओळखली जाते.

साहित्य असं: पांढरा पीव्हीए डिंक (फेविकॉलसारखा), एक इंची ब्रश, दोन गुळगुळीत फळ्या, दोन शिकंजे, विरळ विणीचं सुती कापड, दोन-अडीच मिलिमीटर जाड पुठ्ठा, वरून लावायला कापड आणि पुढे-मागे अस्तराला थोडा जाड कागद.

पानांचा गठ्ठा कण्याच्या बाजूनं टेबलावर ठोकून अगदी सरळ करा. एकही पत्रा आत राहिला तर त्याला डिंक लागणार नाही आणि तोच पहिल्यांदा गळेल. अस्तराचे कागद मधोमध घडी करून गठ्ठ्याच्या वर-खाली ठेवा, घडी कण्याकडे. गठ्ठा फळ्यांमध्ये असा आवळा की कण्याकडचा चार-पाच सेंटिमीटर भाग बाहेर राहील.

आता बाहेरचा भाग हातानं एका बाजूला वाकवा. पंख्यासारखी प्रत्येक पत्र्याची कड जराशी उघडी पडते, मिलिमीटरभर. त्या उतारावर ब्रशनं मधून बाहेर डिंक लावा, पातळ थरात. मग लगेच दुसऱ्या बाजूला वाकवून तसंच. म्हणजे डिंक नुसता कडेवर बसत नाही, प्रत्येक पत्र्याच्या दोन्ही अंगांना किंचित आत जातो आणि पत्रा शेजाऱ्यांना धरून राहतो. सगळी ताकद यातच आहे. सरळ करा, फळ्या कण्याच्या रेषेत आणून पुन्हा आवळा, कण्यावर आणखी एक हात डिंक देऊन सुती कापड चिकटवा. कापड दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर जास्त असू द्या. रात्रभर वाळू द्या. घाई करून दोन तासांत उघडलेलं पुस्तक मधोमध फाकतं.

दुसऱ्या दिवशी कव्हर. पुठ्ठ्याचे दोन तुकडे पानांपेक्षा वर, खाली आणि बाहेर तीन-तीन मिलिमीटर मोठे. कण्याला पातळ पुठ्ठ्याची पट्टी, पुस्तकाच्या जाडीएवढी. पट्टी आणि पुठ्ठे यांच्यात सहा-सात मिलिमीटर फट सोडून तिन्ही कापडावर चिकटवा, कापडाच्या कडा आत दुमडा. पुस्तक त्यात ठेवून सुती कापडाची टोकं आणि अस्तराचे कागद पुठ्ठ्यांना चिकटवा. कण्याला कव्हर चिकटवायचं नाही, तिथं पोकळीच हवी. पुस्तक उघडताना पानांचा कणा वळतो आणि कव्हरचा कणा मागे मोकळा राहतो. ओल्या अस्तराखाली मेणकागद घालून वजनाखाली दिवसभर ठेवा.

पहिला प्रयोग कोऱ्या किंवा रद्दी कागदांवर करा.

८. नमुना प्रत

सगळ्या प्रती एकदम कधीच काढू नका. एक प्रत छापून, बांधून घ्या आणि चार दिवस घरात ठेवा. पान क्रमांक ओळीनं आहेत का, फोटो काळे पडलेत का, कण्यातले शब्द वाचता येतात का, पुस्तक टेबलावर मधोमध उघडून हात काढला तर उघडं राहतं का, हे सगळं बघा. घरातल्या चष्मा लावणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या उजेडात दोन पानं वाचायला द्या. मामांच्या पुस्तकात अशा वाचनातच लग्नाचं साल दोन ठिकाणी वेगवेगळं निघालं.

शेवटची पीडीएफ तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा. लेझरवर छापलेल्या प्रती पीव्हीसीच्या पारदर्शक प्लॅस्टिक कव्हरात घालू नका, शाई प्लॅस्टिकला चिकटून निघते. इंकजेटवर छापलेलं पान ओलं झालं की अक्षर पसरू शकतं, म्हणून जपण्याच्या प्रतीला लेझरच बरं.

प्रती वाटताना प्रत्येकाला एवढं सांगा: पहिल्यांदा उघडताना मध्येच हात घालून फाकवू नका. पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरा, दोन्ही पुठ्ठे दोन बाजूंना खाली सोडा. मग पुढची दहा-बारा पानं खाली करून कण्यालगत बोट हलकेच फिरवा, नंतर मागची दहा-बारा, पुन्हा पुढची, असं करत मध्यापर्यंत या.